पाटी कोण काढणार?

(परिचारिका, निवासी डॉक्टर आणि रुग्णालय व्यवस्थापक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रुग्णालयांतील एकात्मिक उपचारमार्ग : आखणी आणि अंमलबजावणी’ असा विषय छापलाय. त्यावर मी बोलणारच आहे. त्याच्या आधी मात्र मला एका पाटीबद्दल सांगू द्या, कारण ती पाटी नसती तर मी या विषयाच्या वाटेला गेलेच नसते.

मी भूलतज्ज्ञ. आमचा पेशंटशी संबंध म्हणजे आदल्या दिवशी पाच मिनिटं आणि मग ऑपरेशनचा वेळ. मधलं काही आमच्या नजरेला पडत नाही. अशीच एका शुक्रवारी सकाळी मी ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या वॉर्डात गेले होते. ऑपरेशनच्या लिस्टवर पहिली केस खुब्याच्या फ्रॅक्चरची, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. पलंगाशी उभी राहिले तेव्हा आधी त्यांचे ओठ दिसले. वाळून सालं निघालेली, एका कोपऱ्यात रक्त सुकलेलं. हातावर सलाइनची पट्टी, तिच्या खाली काळंनिळं, कारण आदल्या रात्री त्यांनी सुई उपसून काढली होती. मी नाव विचारलं. त्यांनी ते बरोबर सांगितलं आणि लगेच मलाच विचारलं, “घोटभर पाणी चालेल का गं?”

तेव्हा पाटी दिसली. एक्स-रेच्या पाकिटाचा पुठ्ठा कापून केलेली, वर मार्करने ‘एनबीएम’ (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही) लिहिलेलं, बँडेजच्या चिंधीने पलंगाच्या दांडीला बांधलेली. गाठ इतकी घट्ट आणि इतकी मळलेली होती की ती काही आदल्या रात्रीची वाटेना. मी सिस्टरना विचारलं, “ही कधीपासून आहे?” त्या म्हणाल्या, “मॅडम, मी काल रजेवर होते. मंगळवारी सकाळी ड्यूटीवर आले तेव्हा होती.”

इथे बसलेल्या सिस्टर्स आत्ताच माना हलवताहेत, म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंय. तरी सांगते.

ऑपरेशन चांगलं झालं. स्पायनल, म्हणजे कण्यातून भूल दिली, हाड बसलं, रक्त फारसं गेलं नाही. आमच्या वहीत ती यशस्वी केस आहे. पण आजींचं भ्रमात जाणं थांबलं नाही, मग छातीत इन्फेक्शन झालं, मग पाठीला जखम. पडायच्या आधी या बाई रोज एकट्या जिना चढून वर जायच्या. डिस्चार्जच्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत होती. सुनेने जाताना आमचे आभार मानले. मला ते आभार घेववेनात.

त्या रात्री मी त्यांचा केसपेपर घेऊन बसले. शेजारी एक कोरा कागद, हातात पेन्सिल. प्रत्येक नोंदीची वेळ शोधून एकाखाली एक लिहीत गेले. हे काम तुम्ही प्रत्येकाने एकदा तरी करावं, म्हणून जरा तपशिलात सांगते.

सोमवारी संध्याकाळी सहाला आजी कॅज्युअल्टीत आल्या. सातला एक्स-रे, नऊला वॉर्डात. ‘उद्याच्या लिस्टवर घ्या, रात्री बारापासून एनबीएम.’ पाटी लागली. मंगळवारी सकाळी साडेनऊला माझाच ज्युनिअर भुलेसाठी फिटनेस बघायला गेला, त्याला हृदयाचा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज ऐकू आला, त्याने टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी मागितली. योग्यच केलं. इकोचा फॉर्म फायलीत लागला आणि फाइल वॉर्डातच राहिली. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं तोवर इकोची खोली बंद झाली होती. तीनला लिस्टवरून नाव निघालं. जेवण मिळालं रात्री दहाला. मधले सात तास का गेले? तीनला ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, वॉर्डला फोन झाला, तो ज्याने उचलला त्याने निरोप कुणाला दिला ते कळत नाही. शिफ्ट बदलली. संध्याकाळच्या सिस्टर आल्या, त्यांनी पाटी बघितली आणि ताट परत पाठवलं. पाटी असताना खायला देणं ही चूक ठरते, त्यामुळे त्यांनीही योग्यच केलं. सुनेने तीनदा विचारल्यावर त्यांनी ऑर्थोच्या रेसिडेंटला फोन लावला. तो ओटीत हात धुऊन उभा होता. त्याने दहाला बाहेर येऊन सांगितलं, “द्या जेवायला.” आणि बाराला पुन्हा एनबीएम.

बुधवारी इको झाला, नॉर्मल निघाला. मग फिजिशियनचा रेफरन्स. त्यांना पोटॅशियम कमी दिसलं, ते भरून काढायला सांगितलं. योग्यच. नाव पुन्हा निघालं, जेवण संध्याकाळी सातला. गुरुवारी आजी लिस्टवर तिसऱ्या होत्या, पहिलीच केस लांबली, जेवण सहाला. त्या रात्री त्या भ्रमात गेल्या, घरातल्या गेलेल्या माणसांना हाका मारू लागल्या, सुई उपसली. शुक्रवारी सकाळी दहाला टेबलवर.

बेरीज केली. दारातून ओटीपर्यंत 88 तास. त्यातले 69 तास आजी उपाशी होत्या. आणि एक्स-रे, रक्त, इको, तपासण्या, इंजेक्शनं असं सगळं धरून कुणाचा तरी हात त्यांच्या अंगाला लागला असा वेळ पाच तासांच्या आत भरला.

त्या केसपेपरवर किमान सात हस्ताक्षरं होती. मी दोष शोधायला बसले होते आणि मला एकही असं हस्ताक्षर सापडलं नाही ज्याच्यावर बोट ठेवून म्हणावं की हा चुकला. प्रत्येकाने आपापलं काम नेकीने केलं होतं. आजी सांडल्या त्या दोन कामांच्या मधल्या फटीत.

दुसऱ्या दिवसापासून मी वेड्यासारखा एकच प्रश्न विचारत सुटले : ही पाटी काढायची कुणी? वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर सांगतील तेव्हा आम्ही काढतो. रेसिडेंट म्हणाला, ते नर्सिंगचं काम आहे. ओटीतून उत्तर आलं, आम्ही फोन करतो, पुढचं वॉर्डने बघायचं. वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, म्हणाले, “बांधायला सांगतात तेव्हा बांधतो. सोडायला आजवर कुणी सांगितलं नाही.” मग मी स्वतःला विचारलं. इतक्या वर्षांत हजारो केसपेपरांवर मी ‘एनबीएम’ लिहिलं होतं. ‘ऑपरेशन रद्द, आता खायला द्या’ असं एकदाही लिहिलेलं मला आठवेना.

आणि ज्या उपासासाठी हे सगळं, त्याचंही ऐका. 1946 मध्ये कर्टिस मेंडेलसन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये पोटातलं आम्ल फुप्फुसात जाऊन काय होतं ते मांडलं. ती भीती खरी होती, आजही खरी आहे. त्या भीतीतून ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा सरसकट रिवाज रुजला. पण जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते नंतर मोजलं गेलं. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मध्येच लिहून दिलं की हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पातळ द्रव, म्हणजे पाणी, दोन तास आधीपर्यंत चालतं. म्हणजे सकाळी नऊच्या केसला सात वाजेपर्यंत पाणी देता येतं. हे मला माहीत होतं. माझ्या ज्युनिअरला परीक्षेत विचारलं असतं तर त्यानेही घडाघडा सांगितलं असतं. माहितीचा तुटवडा नव्हताच. ती माहिती पलंगापर्यंत पोचायची वाट नव्हती. उपचारमार्ग, इंग्रजीत पाथवे, म्हणजे ती वाट, एवढंच मला आज सांगायचंय.

आता हा शब्द आला कुठून? 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कंपनीचे जेम्स केली यांनी एक रीत बसवली. कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा तर कुठलं काम कुठल्या कामावर अडून आहे, आणि कुठलं लांबलं की सगळंच लांबतं, हे कागदावर मांडायची. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. बांधकामवाले ती आजही वापरतात. रुग्णालयात ती आणली 1985 मध्ये बोस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये, कॅरन झँडर आणि कॅथलीन बॉवर यांनी. या दोघीही नर्स. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि सांगत राहणार, कारण आमच्याकडे पाथवेची समिती नेमताना तीन प्रोफेसर, एक अधीक्षक आणि शेवटी ‘नर्सिंगचा एक प्रतिनिधी’ अशी यादी निघते. पेशंटसोबत चोवीस तास असणाऱ्या माणसांनी ही गोष्ट जन्माला घातली, कारण मधली फट त्यांनाच दिसते. आम्ही डॉक्टर फटीच्या एका काठाला असतो किंवा दुसऱ्या.

पाथवेचा कागद दिसतो कसा? डोळ्यांपुढे एक तक्ता आणा. आडवी वेळ : पहिला तास, पहिले चार तास, पहिला दिवस, ऑपरेशनचा दिवस, दुसरा दिवस, असं घरी जाईपर्यंत आणि त्यापुढचंही. उभी कामं : तपासण्या, दुखणं, खाणंपिणं, हालचाल, औषधं, घरच्यांशी बोलणं, घरी जायची तयारी. प्रत्येक चौकोनात काय व्हायला हवं आणि कुणी करायचं. डॉक्टर, नर्स, फिजिओ, आहारतज्ज्ञ, सगळे त्याच एका कागदावर लिहिणार. म्हणून तो ‘एकात्मिक’. नाहीतर नर्सेसची वही वेगळी, फिजिओचं रजिस्टर वेगळं, आमचा फॉर्म वेगळा, आणि त्या सगळ्यांतून फिरणारा माणूस मात्र एकच.

आणि शेवटचा एक रकाना, जो बहुतेक ठिकाणी कोरा राहतो. फरकाचा. ठरलं होतं त्यापेक्षा वेगळं काय झालं, आणि का. माझा सगळा जीव त्या रकान्यात आहे, तिकडे येतेच.

त्याआधी एक आक्षेप. तो मी इतक्यांदा ऐकलाय की आता आवाजावरून ओळखते. “म्हणजे आता आम्ही पुस्तकात बघून स्वयंपाक करायचा का? प्रत्येक पेशंट वेगळा असतो.” एका ज्येष्ठ सर्जननी भर सभेत हा प्रश्न मला विचारला. ज्यांच्याकडून मी शिकले त्यांच्यापैकी ते एक, त्यामुळे उलट उत्तर देणं जमणार नव्हतं. मी म्हटलं, “सर, तुमचे गेल्या महिन्याचे दहा खुबे बघू या. ऑपरेशन तुम्ही दहाही वेळा प्रत्येकाचं हाड बघून वेगवेगळं केलंत, ते कुणी बदलू नये. पण दहापैकी कुणाला दुखण्यावर ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन कधी मिळालं, पाणी कधी मिळालं, उभं कधी केलं, हेही वेगवेगळंच आहे. ते पेशंट वेगळा म्हणून की त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं म्हणून?” आम्ही खरंच दहा केसपेपर काढले. सरांनी चष्मा लावून ते दोन तास वाचले, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. पुढे आमच्या पाथवेचे सगळ्यात कडक राखणदार तेच झाले. लिस्टवरून नाव निघालं की ओटीतून स्वतः ओरडायचे, “पाटी काढायला सांगितलं का?” सभागृह हसतंय, पण मला त्या आरोळीचा आनंद अजून आठवतो.

मात्र आक्षेपात एक खरा काटा आहे आणि तो मी लपवणार नाही. कागद माणसाच्या जागी बसू शकतो. इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूल केअर पाथवे तयार झाला. मरणाच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न माणसांच्या शुश्रूषागृहात, जी माया मिळते ती साध्या वॉर्डातही मिळावी, हा त्यामागचा हेतू. हेतू सोन्यासारखा. तो देशभर पसरला. मग तक्रारी येऊ लागल्या : आमच्या माणसाला या पाथवेवर घातलं हे आम्हाला सांगितलंच नाही, तहान लागली असताना पाणी दिलं नाही. बॅरोनेस ज्यूलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, 2013 च्या जुलैत अहवाल आला. जिथे शिकलेल्या, समजूतदार हातांनी तो वापरला तिथे लोकांना शांत मरण आलं, आणि जिथे फक्त खुणा करायचा कागद झाला तिथे हाल झाले. तो पाथवे बंद करण्याची शिफारस झाली आणि तो बंद झालाही. तो अहवाल वाचताना पाण्याच्या तक्रारींशी आले तेव्हा मला एक्स-रेच्या पाकिटाचा तो पुठ्ठा दिसला. एका ठिकाणी पाथवे नव्हता म्हणून माणूस तहानलेला राहिला, दुसरीकडे पाथवे होता म्हणून. दोन्हीकडे पलंगाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘हे इथे चुकतंय’ म्हणायला जागा नव्हती. ती जागा म्हणजे फरकाचा रकाना.

पाथवेपासून बाजूला जाणं हा गुन्हा नाही, हे पहिल्या पानावर ठळक छापा. सिस्टरला वाटलं की या आजींना आज उभं करू नये, तर करू नये, आणि रकान्यात लिहावं : चक्कर, बीपी कमी, उद्या पुन्हा बघू. ज्या दिवशी त्या रकान्यात लिहिल्याबद्दल कुणाला मेमो मिळेल, त्या दिवसापासून तुमच्या सगळ्या रकान्यांत ‘सर्व ठरल्याप्रमाणे’ असं दिसू लागेल आणि पाथवे तिथेच संपेल. हे मी एका ठिकाणी होताना बघितलंय. सहा महिन्यांचे कागद एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले होते.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे ‘आखणी आणि अंमलबजावणी’ आता दहा मिनिटांत. बरं.

सुरुवात एका आजारापासून करा. जो तुमच्याकडे वारंवार येतो, ज्याचा प्रवास बऱ्यापैकी ठरलेला असतो आणि ज्यात तीन-चार खाती गुंततात. खुब्याचं फ्रॅक्चर, पक्षाघात, हार्ट अटॅक, सिझेरियन, गुडघ्याचं रोपण. ज्याचं निदानच ठरलेलं नाही अशा तापापासून सुरू करू नका, हात पोळतील.

मग महिनाभर काही बदलू नका, फक्त चालत बघा. खरंच चाला, पेशंटच्या ट्रॉलीबरोबर, घड्याळ घेऊन. हेलसिंकीच्या न्यूरॉलॉजिस्टांनी पक्षाघातात हेच केलं. मेंदूची रक्तवाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात, हा जेफ्री सेव्हर यांचा 2006 चा हिशोब. हेलसिंकीत 1998 मध्ये पेशंट दारात आल्यापासून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यक वेळ 105 मिनिटं होता. 2011 मध्ये तो 20 मिनिटांवर आला. औषध तेच. बदल काय केले? अँब्युलन्समधून आधीच फोन, पेशंट पोचण्याआधीच त्याची माहिती काढून ठेवणं, अँब्युलन्सच्याच ट्रॉलीवरून थेट सीटी स्कॅनच्या टेबलवर, आणि इंजेक्शन तिथेच. एकेक फट शोधून बुजवली, आणि त्याला बारा-तेरा वर्षं लागली. म्हणून तीन महिन्यांत निकाल मागणाऱ्या व्यवस्थापकांना माझी हात जोडून विनंती आहे, धीर धरा.

आखायला कोण बसवायचं? प्रत्यक्ष हात लावणारी माणसं. रात्रपाळीची सिस्टर, ट्रॉली ढकलणारे मामा, लॅबमधला तंत्रज्ञ, फिजिओ, ज्युनिअर डॉक्टर, आणि त्या आजारातून गेलेला एक पेशंट किंवा घरचं माणूस. आमच्या बैठकीत आजींची सून येऊन बसली होती. मी संकोचत बोलावलं होतं, त्या लगेच तयार झाल्या. वरिष्ठांपैकी एक जण हवाच, अडलेली दारं उघडायला. वैद्यकीय पुरावा तयार असतो, मार्गदर्शक तत्त्वं तयार असतात, त्यांत वेळ घालवू नका. तुमचा वेळ जाऊ द्या ‘कुणी’ आणि ‘किती वाजेपर्यंत’ या दोन शब्दांवर. पाटीचं एक वाक्य लिहायला आम्हाला तीन बैठका लागल्या. शेवटी असं ठरलं : लिस्टवरून नाव निघताच ओटीची सिस्टर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना नाव घेऊन फोन करील, इन्चार्ज सिस्टर पंधरा मिनिटांत पाटी काढून पाणी आणि खाणं देतील, डॉक्टरच्या लेखी आदेशासाठी थांबायचं नाही. हे शेवटचं कलम डॉक्टरांकडून मान्य करून घेण्यातच दोन बैठका गेल्या.

मसुदा झाला की एकाच वॉर्डात, थोड्या पेशंटवर चालवा. पहिला कागद वाईटच निघतो. आमचा चौदा पानांचा होता, कुणी भरेना. चारवर आणल्यावर भरू लागले. आणि जुने फॉर्म काढून टाका, हे फार महत्त्वाचं. पाथवे हा अठरावा फॉर्म म्हणून आला तर नर्सेस त्याचा राग धरतील, आणि तो राग रास्त असेल.

पाथवेला एक मालक लागतो, शक्यतो नर्स, आणि त्या कामासाठी तिला राखून ठेवलेला वेळ. उरलेल्या वेळात करा म्हटलं की ते होत नाही. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या रेसिडेंटना पहिल्याच दिवशी अर्धा तास शिकवायला लागतं, आणि तेही तिनेच.

डिस्चार्जची तयारी पहिल्या दिवसाच्या चौकोनात घाला. घरी जिना आहे का, बघणारं कोण आहे, संडास कसा आहे, हे निघायच्या दिवशी विचारून काय उपयोग?

ठरावीक काळाने पाथवे पुन्हा उघडा. 2001 मध्ये इमॅन्युएल रिव्हर्स यांनी सेप्सिससाठी, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात त्यासाठी, पहिल्या सहा तासांची काटेकोर पद्धत मांडली, ती जगभरच्या पाथवेंमध्ये गेली. 2014-15 मध्ये तीन मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्या पद्धतीतल्या खास मोजमापांनी जास्त जीव वाचत नाहीत असं दिसलं. लवकर ओळखणं, लवकर अँटिबायोटिक हे टिकलं, बाकीचं काढावं लागलं. ज्यांच्या पाथवेवर पुढच्या तपासणीची तारीखच नव्हती त्यांच्याकडे जुनं तसंच चालू राहतं.

पुरावा काय म्हणतो? 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, 27 अभ्यास आणि 11,398 पेशंट होते. रुग्णालयातली गुंतागुंत कमी झाली, नोंदी सुधारल्या. मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं यांत स्पष्ट फरक दिसला नाही, हेही मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. पण खुब्याच्या बाबतीत इंग्लंडने 2007 पासून प्रत्येक केसची राष्ट्रीय नोंद सुरू केली, 2010 पासून 36 तासांत ऑपरेशन आणि वृद्धांच्या डॉक्टरांची देखरेख अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे दिले. 30 दिवसांतले मृत्यू 2007 मध्ये 10.9 टक्के होते, ते 2011 मध्ये 8.5 टक्क्यांवर आले. तिथे नुसता कागद नव्हता. मोजणी होती, पैसा होता, आणि मोजलेलं सगळ्यांना दिसत होतं.

दोन मिनिटं राहिलीत, ती रकान्याला देते.

आमचा पाथवे सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याचे फरक आम्ही वाचायला बसलो. मला खात्री होती की उशिराचं मुख्य कारण फिजिशियनचा फिटनेस निघणार. मी तर भाषण तयार ठेवलं होतं. पहिल्याच कागदावर रात्रपाळीच्या एका नव्या सिस्टरने लिहिलं होतं : ‘एक्स-रेला नेताना ट्रॉलीचं पुढचं चाक अडकलं. दुसरी ट्रॉली मिळेपर्यंत 40 मिनिटं. आजींना फार दुखलं.’ पुढच्या कागदावर वेगळी सिस्टर, वेगळा पेशंट, तेच चाक. तिसऱ्यावरही तेच. कॅज्युअल्टीत चार ट्रॉल्या होत्या, त्यांतल्या दोन नीट चालत नव्हत्या, आणि मामांना हे कधीपासूनच माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं. इन्चार्ज सिस्टरनी तो कागद घेतला आणि त्याच दुपारी दुरुस्ती विभागात जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत चाकं बदलून झाली होती.

पाथवेचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवलाय, चार पानांचा. घेऊन जा, खोडा, तुमच्या वॉर्डाप्रमाणे बदला. शेवटचा रकाना मुद्दाम रुंद छापलाय.